आप्पांच्या रेडिओवर ७९२ ला नुसती घरघर, कुणी उपाय सांगेल का?

कृष्णातीर

नमस्कार मंडळी,

माझे वडील, आप्पा, वय ८४, कोरेगाव तालुक्यात आमच्या गावी राहतात. पहाटे गोठ्यात चक्कर, मग चहा, आणि सात वाजायच्या आत ओसरीवरच्या कोनाड्यातला रेडिओ लावायचा. सात वाजून पाच मिनिटांच्या पुण्याच्या प्रादेशिक बातम्या ऐकल्याशिवाय त्यांचा दिवस सुरू होत नाही. काटा वर्षानुवर्षं मीडियम वेव्हच्या ७९२ किलोहर्ट्झवरच असतो. डोळे अधू झाल्यावर त्या जागी काचेवर माझ्या बहिणीच्या लाल नेलपॉलिशचा एक ठिपका देऊन ठेवलाय. ठिपक्यावर काटा आणला की पुणे.

दिवाळीपासून त्या ठिपक्यावर नुसती घरघर. लांबून पिठाची गिरणी ऐकू यावी तशी, एकसुरी. मागे निवेदकाचा आवाज असतो, पण शब्द कळत नाही. नवे सेल घातले, काही फरक नाही. दुरुस्तीवाल्याकडे नेला, त्याच्या दुकानात तर आणखीच घरघर. शेवटी मी पुण्याहून नवा संच घेऊन गेले. त्यावरही तेच!

सातारा केंद्र एफएमवर आहे, पण घर डोंगराच्या आडोशाला असल्यामुळे नीट लागत नाही.

आता खरा प्रश्न. दिवाळीत मी हौसेनं घरातल्या सगळ्या ट्यूब काढून एलईडी बसवून दिल्या. हे माझ्यामुळे झालंय का? आप्पा काही बोलत नाहीत. पण परवा फोनवर म्हणाले, "बातम्या काय, पेपरातही येतात." पेपर आमच्याकडे दुपारी एसटीनं येतो. ते ऐकून फार लागलं मनाला.

जास्वंद

आप्पांकडे साधा बटणांचा फोन आहे का? तो रेडिओशेजारी ठेवत असतील. आमच्या आजीच्या रेडिओला फोन यायच्या आधी कळायचं. टिडिक-टिडिक-टर्रर्र झालं की आजी हाक मारायची, "अगं, कुणाचा तरी फोन येतोय बघ."

कृष्णातीर

@जास्वंद, फोन आहे, पण तो सदऱ्याच्या खिशात असतो. आणि ही घरघर सलग आहे, टिडिक-टिडिक नाही.

तारायंत्र

कृष्णातीर ताई, मी उभी नोकरी प्रक्षेपण केंद्रात काढली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमचा संशय रास्त आहे, पण पुराव्याशिवाय बल्बांना दोष देऊ नका. एलईडी बल्ब, मोबाइलचे चार्जर, सेट-टॉप बॉक्सचे अडॅप्टर, यांच्या पोटात आता जुना वजनदार लोखंडी ट्रान्सफॉर्मर नसतो. त्यातली चिप सेकंदाला हजारो वेळा वीज चालू-बंद करते आणि त्यातून हवा तेवढा दाब काढते. म्हणून चार्जर हलका आणि स्वस्त झाला. पण इतक्या झटक्यानं वीज तोडली-जोडली की त्यातून रेडिओ लहरी निघतातच. त्या मूळ कंपनावर निघतात, आणि त्याच्या दुपटीवर, तिपटीवर, चौपटीवर, अशा वर चढत जातात. बऱ्याच अडॅप्टरमधली चिप ६६ किलोहर्ट्झच्या आसपास चालते. ६६ ला १२ नं गुणून बघा. बरोबर ७९२! काहींची १३२ वर चालते, तिची सहावी पट पुन्हा ७९२. नेमकं असंच जुळलं असेल असं नाही, पण पुण्याच्या काट्यावर घरघर का बसते हे यावरून लक्षात येईल.

चांगल्या अडॅप्टरमध्ये ही घाण बाहेर पडू नये म्हणून गुंडाळी आणि कपॅसिटरची गाळणी असते. स्वस्त मालात पहिली काट तिलाच लागते. आतल्या सर्किटच्या छापील पट्टीवर तिची जागा असते, नाव असतं, आणि जागेवर नुसता वायरचा तुकडा डकवलेला. मी असे कित्येक उघडून पाहिलेत.

आता करायचं ते इतकंच. रेडिओ सेलवर चालवा, काटा ७९२ वर ठेवा आणि घराचा मेन स्विच पाडा. घरघर थांबली तर चोर घरात आहे. मग मेन चढवून एकेक बटण दाबत जा. थांबली नाही तर चोर बाहेर. रेडिओ विजेच्या वायरीवर लावून ही तपासणी करू नका, मेन पाडल्यावर रेडिओच बंद पडेल.

माळरान

ताई, राग मानू नका, पण इतका खटाटोप कशाला? आकाशवाणीचं मोबाइल ॲप आहे, सगळी केंद्रं काचेसारखी स्वच्छ ऐकू येतात. आप्पांना एक स्मार्टफोन घेऊन द्या, विषय संपला.

लाल_डबा

@माळरान, मी शिरोळ तालुक्यातला. २०१९ च्या ऑगस्टमधला पूर आठवा. आमच्या वाडीत वीज गेली, दुसऱ्या दिवशी मोबाइलची रेंज गेली, तिसऱ्या दिवशी पॉवर बँकही संपली. शाळेच्या माडीवर आम्ही साठ-सत्तर माणसं होतो आणि एका म्हाताऱ्याकडे दोन सेलांचा रेडिओ. सांगलीचं केंद्र १२५१ वर लागायचं. पाणी किती, धरणातून विसर्ग किती, सगळं त्याच्यावर. तो रेडिओ मधे ठेवून आम्ही भोवती बसायचो. बातम्यांच्या वेळी लहान पोरंसुद्धा गप्प.

ॲप उत्तम आहे, मीही ऐकतो. पण त्याला टॉवर लागतो, टॉवरला वीज लागते. रेडिओला दोन सेल पुरतात.

माळरान

@लाल_डबा, हे मी अनुभवलेलं नाही, त्यामुळे लक्षात आलं नाही. मुद्दा मान्य.

जुनी_गच्ची

धागा वाचून टीव्हीचे दिवस आठवले. मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला, आणि पुढच्या वर्षी सिंहगडावरचा मनोरा उभा राहिल्यावर पुण्यात चित्र दिसू लागलं. आमच्या वाड्यात टीव्ही आला तो बराच नंतर. गच्चीवर माशाच्या काट्यासारखी अँटेना, मी तिच्यापाशी, धाकटा भाऊ जिन्यात, आई टीव्हीसमोर. "आलं का?" "मुंग्या आहेत!" "आता?" "आलं, आलं... गेलं!"

खालच्या बोळातून स्कूटर गेली की पडद्यावर आडव्या ठिपक्यांची रांग सरकत जायची. कोण आलं ते आम्ही पडद्यावरूनच ओळखायचो. आणि शेजारच्या काकूंनी मिक्सर लावला की चित्र-आवाज दोन्ही गायब. रविवारच्या सिनेमाच्या वेळी वाटण करायचं नाही असा वाड्याचा ठरावच होता, आणि काकू तो काटेकोर पाळायच्या. चार वाजताच सगळं वाटून ठेवायच्या.

तारायंत्र

@जुनी_गच्ची, दोन्हीचं मूळ एकच, ठिणगी. स्कूटरच्या प्लगमध्ये ठिणगी पडते, मिक्सरच्या मोटरीत कार्बनच्या ब्रशखाली पडते. ठिणगी म्हणजे रेडिओ लहरींची सगळ्यात जुनी जननी. मार्कोनीचं सुरुवातीचं यंत्र ठिणगीचंच होतं. पुढे प्लगच्या टोपीत रोध घालायला लागले, तेव्हा त्या ठिपक्यांच्या रांगा कमी झाल्या.

विजयदुर्ग

@जास्वंद यांच्या टिडिक-टिडिकचं कारण सांगतो, मी मोबाइल नेटवर्कमध्ये काम करतो. टूजीचा फोन सलग बोलत नाही. एकाच लहरीवर आठ फोन आळीपाळीनं बोलतात, प्रत्येकाच्या वाट्याला सेकंदाचा जेमतेम सतराशेवा भाग येतो. प्रत्येक फोनची पाळी सेकंदाला सुमारे २१७ वेळा येते. म्हणजे लहर ९०० मेगाहर्ट्झची, आपल्याला ऐकू न येणारी, पण तिचं चालू-बंद होणं २१७ चं, ते कानाला चांगलं ऐकू येतं. रेडिओच्या वायरी अँटेनासारखं काम करतात, आतला ट्रान्झिस्टर ती लहर सोलतो आणि टर्रर्र स्पीकरमधून बाहेर पडते. काटा कुठेही असो, ती येणारच, कारण ती थेट आवाजाच्या भागात घुसते.

रिंग वाजायच्या आधी ऐकू येतं, कारण टॉवरनं हाक मारल्यावर फोन आधी "मी इथे आहे" म्हणून उत्तर देतो आणि मग वाजतो. रेंज कमी असेल तर फोन जोर लावून बोलतो, तेव्हा आवाज आणखी मोठा. थ्रीजी-फोरजीत बोलण्याची तऱ्हा निराळी असल्यामुळे हे फारसं होत नाही.

शांतिनिवास

अवांतर, पण कुणाच्या उपयोगी पडेल म्हणून. आईच्या श्रवणयंत्रात हाच टर्रर्र आवाज यायचा आणि ती फोन कानाला लावायलाच घाबरायची. श्रवणयंत्रं आणि फोन, दोन्हींना याबाबत एम आणि टी अशी श्रेणी देतात. एम-३, एम-४ असेल तर त्रास कमी. आम्ही घेताना विचारलंच नव्हतं. यंत्र बदलणं परवडणारं नव्हतं, फोन फोरजीचा घेतला आणि आवाज गेला. आता ती रोज मावशीशी तासभर बोलते.

केबलकाका

मी तालुक्याच्या गावी केबल चालवतो. आमच्या धंद्यात हाच त्रास फाइव्हजी घेऊन आली. आमच्या गच्चीवरच्या मोठ्या डिश ३७०० ते ४२०० मेगाहर्ट्झवर उपग्रहाचे चॅनल घेतात. फाइव्हजीला दिलेला पट्टा ३३०० ते ३६७० चा, म्हणजे अगदी बांधाला बांध लागून. उपग्रह ३६ हजार किलोमीटरवर, टॉवर दोनशे मीटरवर. डिशच्या तोंडाशी बसवलेला एलएनबी, म्हणजे उपग्रहाची लहर पकडणारा डबा, शेजारचा हा आरडाओरडा ऐकून बधिर होतो, मग चित्राच्या चौकटी-चौकटी फुटतात. पूर्वी मुंग्या यायच्या तरी माणूस दिसायचा, डिजिटलमध्ये एकतर स्वच्छ, नाहीतर काळा पडदा. शेवटी डिशचं तोंड आणि एलएनबी यांच्या मधे गाळणी बसवली, तेव्हा गिऱ्हाइकांचे फोन थांबले.

कृष्णातीर

सर्वांचे मनापासून आभार. शनिवारी गावी आले, तारायंत्र काकांनी सांगितल्याप्रमाणे केलं. आप्पा रेडिओ घेऊन ओसरीवर बसले, मी मेन पाडला. घरघर तशीच! आप्पांनी लगेच आत हाक मारून सांगितलं, "बल्ब निर्दोष आहेत गं." किती बरं वाटलं सांगू.

पण मग ही येते कुठून? संध्याकाळ झाली की वाढते, हेही आज कळलं.

तारायंत्र

छान काम केलंत. आता चोर बाहेर शोधायचा, आणि त्यासाठी रेडिओच तुमचा माग काढणारा कुत्रा.

मीडियम वेव्हला ती ओढून काढायची चकचकीत काडी लागत नाही, ती एफएम आणि शॉर्ट वेव्हसाठी. मीडियम वेव्हची अँटेना संचाच्या आत, वरच्या कडेला आडवी असते, पेन्सिलीएवढी काळी फेराइटची कांडी आणि तिच्यावर तांब्याच्या बारीक तारेची गुंडाळी. या कांडीचा गुण असा की तिच्या अंगावर बाजूनं येणारी लहर ती घेते आणि टोकाकडून येणारी जवळजवळ सोडून देते. म्हणून स्टेशन नसलेल्या जागी काटा आणा, रेडिओ दोन्ही हातांत आडवा धरा आणि जागेवर हळूहळू गोल फिरा. एका ठिकाणी घरघर एकदम बसेल. तेव्हा कांडीचं टोक चोराकडे आहे. टोकं दोन असतात, म्हणून चोर पुढे किंवा मागे. वीस पावलं बाजूला जाऊन पुन्हा करा. दोन रेषा जिथे छेदतील तिथे बघा.

एक सूचना. त्रास वीजवाहिनीच्या तारांवरूनही पसरतो, त्यामुळे खांबाजवळ दिशा चकवतात. तारांपासून दूर, अंगणाच्या मध्यात उभं राहून करा.

शिवनेरीपायथा

आमच्या नारायणगाव-खोडद भागात हे काम रोजचंच म्हणायचं. खोडदला जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश. १४ मधल्या चौरस किलोमीटरभर जागेत, बाकीच्या तीन फाट्यांवर २५ किलोमीटरपर्यंत पसरलेल्या. खगोलशास्त्रज्ञ प्रा. गोविंद स्वरूप यांनी ही जागा निवडली त्यात एक मोठं कारण म्हणजे इथली शांतता, रेडिओ लहरींची शांतता. आकाशगंगेपलीकडून येणारा संदेश इतका क्षीण असतो की चंद्रावर कुणी मोबाइल चालू ठेवला तर दुर्बिणीला तो आकाशातल्या अतिशय प्रखर स्रोतांपैकी एक वाटेल.

वीजवाहिनीवरची सैल जोडणी, तडकलेला चिनी मातीचा चिमणा (खांबावर तार ज्यावर टेकते तो), बिघडून स्वतःच किंचाळणारा टीव्हीचा बूस्टर, असल्या गोष्टी तिथल्या लोकांना शोधत फिराव्या लागतात. पुणे-नाशिक रेल्वेचा आखलेला मार्गसुद्धा या दुर्बिणीमुळे बदलायचं ठरलं. त्यावरून आमच्याकडे नाराजी आहे, मलाही गाडी हवी होती. पण २८ फेब्रुवारीच्या सुमारास विज्ञान दिनाला तिथे लोकांना आत सोडतात, तेव्हा मुलांना घेऊन जा. डिश वळताना पाहिली की माझी नाराजी तरी कमी होते.

जर्सीवासी

@शिवनेरीपायथा, हा रेडिओ दुर्बिणींचा सगळा विषय सुरू झाला तोच खरखरीतून! इथे न्यू जर्सीत होल्मडेलला कार्ल जान्स्की नावाचा तरुण इंजिनिअर बेल प्रयोगशाळेत कामाला होता. अटलांटिकपार जाणाऱ्या रेडिओ टेलिफोनमध्ये खरखर कुठून येते ते शोध, एवढंच त्याचं काम. त्यानं फोर्ड गाडीची चाकं लावलेली, गोल फिरणारी लांबलचक अँटेना बांधली आणि २०.५ मेगाहर्ट्झवर ऐकत बसला. जवळची वादळं सापडली, दूरची सापडली, आणि एक हलकी सूंऽऽ उरली, जी रोज चार मिनिटं आधी यायची. तारे रोज चार मिनिटं आधीच उगवतात. १९३३ मध्ये त्यानं जाहीर केलं की ही आकाशगंगेच्या मध्याकडून येते.

आज रेडिओ खगोलशास्त्रातलं मोजमापाचं एकक त्याच्या नावानं आहे. त्या जागी त्याच्या अँटेनाच्या आकाराचं छोटं स्मारक आहे, मी मुलीला दाखवून आणलंय. अँटेना फिरवायची आणि आवाज कुठे बसतो-चढतो ते ऐकायचं, पद्धत तीच, जी आप्पा अंगणात करणार आहेत.

जुनी_गच्ची

@जर्सीवासी, सुंदर प्रतिसाद. आम्ही गच्चीवर अँटेना फिरवताना आकाशगंगा एवढी जवळ होती हे माहीत नव्हतं.

कृष्णातीर

सापडला!

रविवारी सकाळी आप्पांनी स्वतः रेडिओ हातात धरला. "मला दे, तुझा हात हलतो," म्हणाले. अंगणाच्या मध्यात, तुळशीपाशी, पायात वहाणा न घालता, एकेक पाऊल टाकत गोल फिरत होते. कान रेडिओला टेकवलेला, डोळे मिटलेले. एका जागी थांबले. "इथं." मी विटेच्या तुकड्यानं जमिनीवर रेघ मारली. मग परड्यात जाऊन पुन्हा. दोन्ही रेघा गेल्या शेजारच्या नानांच्या गोठ्याकडे.

गोठ्याच्या भिंतीजवळ रेडिओ नेला तर घरघर इतकी की म्हशीनं मान वळवून बघितलं. आढ्याला कॅमेरा. दिवाळीच्या आधी नानांच्या धाकट्यानं बसवलाय, रेड्या चोरीला जायला लागल्यात म्हणून. खाली खुंटीला लोंबकळणारा एक पांढरा अडॅप्टर, त्यावर कोळ्याची जाळी.

मला धाकधूक होती, नानांना कसं सांगायचं. बांधावरून दोन वर्षं अबोला होऊन गेलाय मागे. आप्पांनी काही सांगितलंच नाही, फक्त रेडिओ त्यांच्या हातात दिला आणि म्हणाले, "नाना, ती वायर काढ बरं जरा." नानांनी पिन उपसली. आणि एकदम, स्वच्छ, शेतकऱ्यांसाठीचा कार्यक्रम! करडईवरच्या मावा किडीबद्दल कुणी सांगत होतं. नानांनी पिन लावली, घर्रर्र. काढली, मावा. चार वेळा केलं त्यांनी. मग म्हणाले, "आप्पा, माझाबी रेडिओ यामुळंच मेला की. मी माळ्यावर टाकला."

लाल_डबा

वा वा वा! मावा! अंगावर काटा आला वाचताना.

तारायंत्र

आप्पांना माझा नमस्कार सांगा. डोळे मिटून ऐकायची युक्ती आम्हालाही वरिष्ठांनी शिकवली होती.

कॅमेरा बंद ठेवायची गरज नाही, रेडीही महत्त्वाची. तेवढ्याच व्होल्टचा, तेवढ्याच किंवा थोड्या जास्त ॲम्पिअरचा चांगल्या बनावटीचा अडॅप्टर लावा. शिवाय एक फेराइटची कडी घ्या, पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांत मिळेल. लॅपटॉपच्या वायरीवर काळी गाठ दिसते ना, तीच वस्तू. वायर तिच्यातून एकदाच ओवून मीडियम वेव्हला फारसा फरक पडणार नाही. मोठी कडी घेऊन आठ-दहा वेढे द्या, वेढे दुप्पट केले की अडवण्याची ताकद चौपट होते. वेढे अडॅप्टरच्या अगदी जवळ घ्या.

माळरान

मी आज घरी सगळ्या चार्जरजवळ रेडिओ फिरवून पाहिला (वडिलांचा, कपाटातून काढला). चारांपैकी एक नुसता किंचाळतोय. आणि पंख्याचा गोल फिरवायचा रेग्युलेटर! बटण फिरवलं की घरघरीचा सूर बदलतो. मधल्या वेगावर सगळ्यात वाईट.

तारायंत्र

@माळरान, तो ट्रायकचा रेग्युलेटर. विजेची प्रत्येक लाट मधेच कापतो, सेकंदाला शंभर वेळा. टकटक टप्प्यांचा, कपॅसिटरवाला रेग्युलेटर बसवा, तो निमूट चालतो.

कृष्णातीर

शेवटचं कळवते. नवा अडॅप्टर आणि कडी पाठवली, नानांच्या धाकट्यानं बसवली, वेढे नऊ. आज सकाळी आप्पांनी सात वाजून वीस मिनिटांनी फोन केला आणि सगळ्या बातम्या मला क्रमानं सांगितल्या, मी पुण्यातच राहते हे विसरून. नानांचा रेडिओ माळ्यावरून खाली आला, सेलांच्या जागी गंज होता, कानशीनं घासून चालू केला. आता दोन्ही ओसऱ्यांवर एकच बातमीपत्र.

संध्याकाळची घरघर मात्र अजून आहे, सात ते पहाटे सहा. आप्पांनी रात्री पुन्हा अंगणात रेघ मारली, ती कोपऱ्यावरच्या खांबाकडे जाते. तिथे ग्रामपंचायतीनं नवा एलईडी दिवा बसवलाय. पुढच्या ग्रामसभेला ते आणि नाना रेडिओ घेऊन जाणार आहेत. तारायंत्र काका, खांबावरच्या दिव्याला कडी बसते का?

तारायंत्र

बसते, पण खांबावर तुम्ही कुणी चढायचं नाही. वायरमनलाच बसवू द्या. दिव्याच्या डब्यात वीज आत येते त्या वायरीवर, डब्याच्या आत. आप्पांना म्हणावं, ग्रामसभा दिवसा असेल तर दिवा बंद असेल, रेडिओ शांतच राहील. सरपंचांना संध्याकाळी खांबापाशी बोलवा.